जुनी डिझेल गाडी घेताय? बॉनेटखालचं इंजिन नेमकं कोणतं, ते आधी पक्कं करा

जुनी डिझेल गाडी घेणारे बहुतेकजण इंजिनाची चौकशी चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. डिकीच्या दारावर ‘२.० टीडीआय’ लिहिलेलं असतं, विकणारा ‘दोन लिटरचं आहे’ म्हणतो, आणि तेवढ्यावर लोक त्या नावाच्या इंजिनाचे गुणदोष वाचायला बसतात. पण फोक्सवॅगन समूहाच्या २.० टीडीआय या नावाखाली १९६८ सीसीचीच तीन पिढ्यांची इंजिनं येतात. एक पंप-इंजेक्टरचं जुनं, म्हणजे पीडी; त्यात प्रत्येक इंजेक्टर स्वतःच इंधनाचा दाब तयार करतो. दुसरं कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून इंधन देणारं ईए१८९. तिसरं त्यापुढचं ईए२८८. सीसी एकच असला तरी इंजेक्टर वेगळे, सुटे भाग वेगळे, दुखणीही वेगळी. एकाविषयी वाचून दुसरं विकत घेतलं, तर चूक कळते ती खर्च अंगावर आल्यावरच.

उलटही घडतं. फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट सुझुकीच्या गाडीत ‘डीडीआयएस’ होतं, ओपेलमध्ये ‘सीडीटीआय’ आणि टाटामध्ये ‘क्वाड्राजेट’. नावं वेगळी म्हणून लोक इंजिनंही वेगळी समजतात.

म्हणून बिल्ल्यावरचं नाव आणि लिटरचा आकडा यांना इंजिनाची ओळख मानू नका. खरी ओळख म्हणजे इंजिन कोड, म्हणजे इंजिनाचा नेमका प्रकार सांगणारी अक्षरं आणि अंक; पुष्कळदा तो इंजिन नंबराच्या सुरुवातीलाच असतो. तो तीन ठिकाणांहून स्वतंत्रपणे मिळवायचा: नोंदणीचे कागद, चासी नंबरावरून निघणारी कंपनीची नोंद आणि ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागावरचा ठसा. तिन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

## गाडी बघायला जाण्याआधीची तयारी

विकणाऱ्याकडून दोन गोष्टी आधीच मागवून घ्या: नोंदणी प्रमाणपत्राचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो आणि पूर्ण चासी नंबर. ‘आल्यावर दाखवतो’ असं उत्तर आलं, तर का ते विचारा. नंबर द्यायला सरळ माणसाला अडचण नसते.

सोबत चांगली हातातली बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, जुनं कापड, डिग्रीझरचा (तेलकट मळ काढणारा) लहान स्प्रे, हातमोजे आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) घ्या. आरशाऐवजी फोनचा कॅमेराही चालतो. इंजिन थंड ठेवायला सांगा. गरम इंजिनात ब्लॉकपर्यंत हात जात नाही. शिवाय थंड असताना सुरू करून ऐकलेला आवाज पुढे सातव्या टप्प्यात कामी येतो.

## टप्पा १: उमेदवार इंजिनांची यादी करा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि तो गाळला की पुढची तपासणी आंधळी होते. त्या मॉडेलमध्ये त्या काळात कोणकोणती डिझेल इंजिनं बसवली गेली, हे घरी बसून कागदावर लिहून काढा. प्रत्येकासमोर पाच गोष्टी हव्यात: कोड, सीसी, किलोवॅटमधली ताकद, टायमिंग बेल्ट की चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा की साखळी), आणि बाहेरून ओळखता येईल अशी एखादी खूण.

यादी केली की काय शोधायचं ते आपोआप ठरतं. टोयोटाच्या डिझेल एसयूव्ही आणि पिकअपमध्ये काम सोपं आहे, कारण तिथे सीसीच बोलतो. जुनं १केडी २९८२ सीसीचं आणि २केडी २४९४ सीसीचं. त्यांच्या जागी २०१५ पासून आलेलं १जीडी २७५५ सीसीचं आणि २जीडी २३९३ सीसीचं. केडीला टायमिंग बेल्ट, जीडीला चेन. कागदावरचा एक आकडा वाचला की निम्मं काम झालं.

बीएमडब्ल्यू ३२०डीमध्ये मात्र सीसी काहीच सांगत नाही. एम४७ची नंतरची आवृत्ती, एन४७ आणि बी४७ ही तिन्ही इंजिनं १९९५ सीसीची आहेत. मग लोक किलोवॅटकडे वळतात: १२० असेल तर एम४७, १३० किंवा १३५ असेल तर एन४७, १४० असेल तर बी४७. हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, पण त्यावर पैसे लावू नका. कमी इंधन खाणारी म्हणून विकलेली ‘एफिशियंट डायनॅमिक्स’ आवृत्ती १२० किलोवॅटचीच होती, आणि तिच्यात एन४७ बसवलेलं होतं.

मर्सिडीजच्या २०१२ नंतरच्या ए-क्लासमध्ये तर एकाच वेळी, एकाच ‘ए १८० सीडीआय’ नावाने दोन इंजिनं विकली गेली. मॅन्युअल गिअरच्या गाडीत रेनोकडून आलेलं १४६१ सीसीचं आणि सुरुवातीच्या ऑटोमॅटिकमध्ये मर्सिडीजचं स्वतःचं १७९६ सीसीचं. ताकद दोन्हींची ८० किलोवॅट.

पडताळणी: यादीतली कुठलीही दोन इंजिनं सीसी आणि किलोवॅट या दोन्ही आकड्यांत सारखी असतील, तर त्यांच्याभोवती लाल वर्तुळ करा. कागद तुम्हाला तिथवरच नेतील. त्यापुढे ब्लॉक बघावाच लागेल.

## टप्पा २: कागद सावकाश वाचा

कागदावरून चार गोष्टी टिपा: सीसी, किलोवॅट, पूर्ण इंजिन नंबर आणि उत्पादनाची तारीख किंवा वर्ष. सर्वाधिक घोटाळा होतो तो शेवटच्या गोष्टीत. लोक पहिल्या नोंदणीची तारीख धरतात, पण गाडी त्याआधी कित्येक महिने बनून उभी असू शकते. इंजिनाची पिढी बदलण्याच्या वर्षात याने सगळा हिशोब चुकतो. नोंदणी नव्या वर्षाची आणि इंजिन जुन्या पिढीचं, अशा गाड्या भरपूर आहेत, आणि त्यात फसवणूक असतेच असं नाही.

दुसरा घोळ ताकदीच्या एककांचा. १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ पीएस आणि सुमारे १.३४ बीएचपी. म्हणजे १०३ किलोवॅटचं इंजिन एका जाहिरातीत १४० आणि दुसरीकडे १३८ दिसेल. ही दोन इंजिनं नव्हेत. तुलना करताना सगळे आकडे आधी किलोवॅटमध्ये आणा.

सावधान: फोटोवरून वाचलेला इंजिन नंबर अंतिम धरू नका. मूळ कागद हातात घेऊन एकेक अक्षर पुन्हा वाचा.

## टप्पा ३: चासी नंबर जुळवा आणि कंपनीची नोंद काढा

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. कागदावर यातलं एखादं अक्षर दिसलं, तर नोंद करणाऱ्याची चूक आहे किंवा नंबरच खोटा आहे.

गाडीवर हा नंबर एकाहून अधिक ठिकाणी असतो: पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या पाटीवर, आणि ठशाच्या रूपात बॉनेटखालच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळच्या गालिच्याखाली. जितक्या जागा सापडतील तितक्या बघा. ठशाभोवती नवा रंग, घासल्याच्या रेघा, वेल्डिंग किंवा वाकडीतिकडी ओळ दिसली, तर इंजिनाची तपासणी तिथेच थांबवा. तो प्रश्न इंजिनाच्या पलीकडचा आहे.

आता या नंबराकडून काय अपेक्षा करायची? पहिली तीन अक्षरं निर्माता सांगतात. पुढच्या भागात इंजिनाची माहिती असेलच, असं मात्र नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीच्या नंबरात इंजिनाचा प्रकार नोंदवणं बंधनकारक आहे. युरोपसाठीच्या नंबरात तसं बंधन नाही. फोक्सवॅगन समूहाच्या तिथल्या नंबरात मधल्या कितीतरी जागा नुसत्या झेडने भरलेल्या असतात. म्हणून इंटरनेटवरच्या फुकट डिकोडरने ‘२.० लिटर डिझेल’ असं उत्तर दिलं की समाधान मानू नका. ते तर तुम्हाला आधीच माहीत होतं.

योग्य मार्ग असा: अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर पूर्ण चासी नंबर द्या आणि इंजिन कोड विचारा. त्यांच्या कॅटलॉगमध्ये गाडी कारखान्यातून कोणत्या कोडसह बाहेर पडली, ते निघतं. एखादा भाग विकत घेण्याच्या निमित्ताने गेलात, तर बहुतेक ठिकाणी आनंदाने सांगतात.

सावधान: ही नोंद गाडी बनली त्या दिवसाची आहे. त्यानंतर इंजिन बदललं असेल, तर तिला ते ठाऊक नसतं.

## टप्पा ४: गाडीवरची पट्टी शोधा

काही कंपन्यांनी हे काम सोपं करून ठेवलं आहे. फोक्सवॅगन, स्कोडा, सिअॅट आणि ऑडीच्या पुष्कळ गाड्यांत डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात किंवा तिच्या आसपास कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर चासी नंबर, किलोवॅट, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा क्रमांक असं सगळं छापलेलं असतं. तीच पट्टी सर्व्हिस पुस्तिकेच्या पहिल्या पानांतही असते. दोन्ही पट्ट्या एकमेकींशी ताडून बघा. पुस्तिका दुसऱ्याच गाडीची निघण्याचे प्रकार होतात.

बीकेडी, सीएफएफबी आणि सीआरबीसी हे तीन कोड उदाहरणादाखल घ्या. तिन्ही २.० टीडीआय, तिन्ही १९६८ सीसी. बीकेडी म्हणजे पीडी, १०३ किलोवॅट. सीएफएफबी म्हणजे ईए१८९ कॉमन रेल, तेही १०३ किलोवॅट. सीआरबीसी म्हणजे ईए२८८, ११० किलोवॅट. पहिल्या दोघांच्या नोंदणीच्या कागदात सीसी आणि किलोवॅट अगदी सारखे दिसतील. अशा वेळी हा कोडच निर्णय देतो.

## टप्पा ५: ब्लॉकवरचा ठसा वाचा

कष्टाचं काम इथे आहे, आणि लोक माघार घेतात तेही इथेच. वरचं प्लास्टिकचं कव्हर उचलून बाजूला ठेवा. त्यावर काय लिहिलं आहे, त्याला काडीचं महत्त्व नाही. ते चार रबरी खुंट्यांवर बसतं आणि दुसऱ्या गाडीचंही बसवता येतं. बेल्टच्या कव्हरवरच्या स्टिकरचंही तसंच.

ठसा बहुधा ब्लॉकच्या कडेला, गिअरबॉक्स जोडला जातो त्या सपाट भागाजवळ असतो. काही इंजिनांत तो ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या सांध्याखाली असतो. रेनोच्या के९के इंजिनावर छोटी पाटी किंवा कोरीव ओळ असते, आणि तिथे ‘के९के’नंतरचे तीन अंक फार महत्त्वाचे. हे एकच १४६१ सीसीचं कुटुंब वेगवेगळ्या ताकदीत आणि वेगवेगळ्या टर्बोंसह विकलं गेलं. नुसतं ‘के९के’ वाचून टर्बो किंवा इंजेक्टर मागवला, तर चुकीचा भाग हातात पडतो.

काम असं करा. जागा कापडाने पुसा, डिग्रीझर मारा, थोडं थांबा, पुन्हा पुसा. तारेचा ब्रश घासू नका. विकणाऱ्याला ते आवडणार नाही, आणि ठसा खोडल्याचा आळ तुमच्यावर येईल. बॅटरी समोरून न धरता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. फोटो काढा, मोठा करून वाचा, आणि दोन वेगवेगळ्या कोनांतून वाचन सारखंच येतं का ते बघा. बी आणि ८, एस आणि ५, डी आणि ० यांची गल्लत सगळ्यात जास्त होते.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. ब्लॉकवर उठावदार, मोठ्या अक्षरांत आकडे दिसतात, आणि लोक तेच लिहून घेतात. तो ओतकामाच्या साच्याचा क्रमांक असतो. तो त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर सारखाच असतो. इंजिन नंबर सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला, ठिपक्यांनी टोचलेला किंवा लेझरने कोरलेला असतो. अक्षरं बाहेर आलेली असतील, तर तुम्ही चुकीचा आकडा वाचताय.

पडताळणी: ठशाच्या जागेचा पोत आजूबाजूच्या धातूसारखाच आहे का? तेवढाच भाग चकचकीत किंवा खरवडलेला असेल, तर नंबर घासून पुन्हा ठोकलेला असू शकतो. जागा सपाट आहे पण पूर्ण कोरी आहे, असंही आढळतं. बदलीसाठी विकले जाणारे नवे ब्लॉक काही वेळा नंबराशिवाय येतात. तसं असेल तर इंजिन बदलल्याचं बिल मागा. बिलाशिवायचा कोरा ब्लॉक स्वीकारू नका.

ठसा वरून दिसतच नसेल, तर गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि त्याचा खर्च तुम्ही द्या. ‘दिसत नाही, जाऊ दे’ म्हणून पुढे गेलात, तर आतापर्यंतची सगळी मेहनत कागदावरच राहिली.

## टप्पा ६: इंजिनाच्या अंगावरच्या खुणा

आता यादीतला शेवटचा रकाना उघडा. आधीच्या टप्प्यांतून आलेलं उत्तर डोळ्यांना पटतं का, एवढंच इथे बघायचं.

कॉमन रेल इंजिनात एका जाड धातूच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, प्रत्येक इंजेक्टरकडे स्टीलची बारीक पण भक्कम पाइप जाते. पीडी इंजिनात या पाइपा नसतात, कारण इंजेक्टर कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) जोरावर हेडच्या आतच दाब तयार करतात. बीकेडी की सीएफएफबी, हा वाद या एका खुणेवर मिटतो.

इंजेक्टर मोजले की सिलिंडर कळतात. बीएमडब्ल्यूचं १४९६ सीसीचं बी३७ तीन सिलिंडरचं आहे, एन४७ आणि बी४७ चारचं.

बेल्ट की चेन हे कव्हरवरून ओळखतात. कोरड्या बेल्टवर हलकं प्लास्टिकचं कव्हर असतं, ते क्लिपांनी निघतं. चेन तेलात फिरते, म्हणून तिचं कव्हर धातूचं, बोल्टने आणि सीलंटने बंद केलेलं असतं. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. फोर्डच्या सुरुवातीच्या २.० इकोब्लू इंजिनांत टायमिंग बेल्टच तेलात फिरतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला चेन असल्यासारखंच वाटतं. त्याआधीच्या १९९७ सीसीच्या २.० टीडीसीआयमध्ये कोरडा बेल्ट आहे. ‘फोर्डचं दोन लिटर डिझेल’ एवढ्यावर बेल्टचा हिशोब करणाऱ्यांची फसगत इथेच होते.

धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरून पिढी कळते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर दोन नळ्या जोडलेला दाबाचा सेन्सर सापडतो. डिझेलच्या तोंडाशेजारी, बॉनेटखाली किंवा डिकीत निळं झाकण असेल, तर गाडीला अॅडब्लू, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठीचं वेगळं द्रव लागतं. कंपनीच्या नोंदीप्रमाणे डीपीएफ हवा आणि गाडीत तो नाही, तर कोणीतरी काढलाय. त्यासाठी सॉफ्टवेअरही बदललेलं असणार.

## टप्पा ७: स्कॅनर लावा आणि थंड इंजिन सुरू करा

साध्या ओबीडी स्कॅनरमध्येही ‘गाडीची माहिती’ हा भाग असतो. तिथून ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात साठवलेला चासी नंबर आणि कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरचा) क्रमांक वाचा. जुन्या गाड्यांत हे रिकामं येऊ शकतं. ते आपोआप संशयास्पद ठरत नाही. पण चासी नंबर आला आणि तो वेगळा निघाला, तर ईसीयू दुसऱ्या गाडीचा आहे. का बदलला, याचं उत्तर मिळायलाच हवं.

सावधान: स्कॅनरवर दिसणारा इंजिन कोड सॉफ्टवेअरमधून येतो. खालचा ब्लॉक बदलला तरी स्कॅनर जुनाच कोड दाखवत राहील. पाचवा टप्पा टाळायला स्कॅनरचा आधार घेऊ नका.

यानंतरच इंजिन सुरू करा, आणि ओळख पटलेल्या इंजिनाचं दुखणं डोक्यात ठेवून ऐका. उदाहरणार्थ एन४७. त्याची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती झिजून तुटण्याच्या तक्रारी खूप झाल्या. खळखळ पुढून नव्हे तर मागून, प्रवासी बसतात त्या केबिनच्या बाजूने येते. ती चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं. इंजिन एम४७ आहे असं समजून पुढे कान लावून उभं राहिलात, तर हा आवाज निसटू शकतो.

## टप्पा ८: सगळं समोरासमोर ठेवा

एका कागदावर नोंदणी, कंपनीची नोंद, ब्लॉक आणि ईसीयू यांतून आलेली उत्तरं एकाखाली एक लिहा. सगळी जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत, तर कुठे फाटलं त्यावर निर्णय अवलंबून आहे.

कोड तोच, पण पुढचा क्रमांक वेगळा: इंजिन त्याच प्रकारच्या दुसऱ्या इंजिनाने बदललं आहे. हे वाईटच असतं असं नाही. बिल बघा. नव्या नंबराची नोंद सरकारदरबारी विकणाऱ्याने स्वतः करून घ्यावी, आणि तीही व्यवहाराआधी.

कोडच वेगळा: माझं मत स्पष्ट आहे, गाडी सोडा. इंजिन कितीही छान चालत असो. प्रदूषणाचं मानक, विमा, ईसीयू, सुटे भाग, सगळीकडे हा फरक पुढची अनेक वर्षं आडवा येतो.

एकच अक्षर वेगळं, तेही बी आणि ८ सारखं: बहुधा कागदावर उतरवतानाची चूक. तरीही दुरुस्ती होईपर्यंत पैसे देऊ नका. पुढे तुम्ही गाडी विकायला काढाल, तेव्हा हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

## टप्पा ९: करारात आणि पहिल्या सर्व्हिसमध्ये कोड वापरा

विक्रीच्या करारात ‘डिझेल, २ लिटर’ एवढंच न लिहिता पूर्ण इंजिन कोड आणि नंबर लिहा. ब्लॉकच्या ठशाचा फोटो सोबत जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

मग सर्व्हिसचा इतिहास पुन्हा वाचा, या वेळी कोड हातात घेऊन. डीपीएफ नसलेल्या पीडी इंजिनात फोक्सवॅगनच्या ५०५.०१ मानकाचं तेल चालतं. डीपीएफ असलेल्यांना कमी राखेचं, ५०७.०० मानकाचं लागतं. बिलांवर भलतंच तेल दिसलं, तर आधीच्या मेकॅनिकलाही इंजिन ओळखता आलेलं नव्हतं. गाडी ईए१८९ची असेल, तर २०१५ मध्ये उघड झालेल्या उत्सर्जन प्रकरणानंतरचा सॉफ्टवेअर बदल तिच्यात झाला आहे का, हे चासी नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

बेल्ट किट, वॉटर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर मागवताना मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगून थांबू नका. दुकानदाराला इंजिन कोड आणि चासी नंबर दोन्ही द्या. नवा बेल्ट आला की आधी खोका उघडून दातांची संख्या आणि रुंदी कोडनुसार ताडून बघा. मेकॅनिकला जुना बेल्ट सोडायला सांगा तो त्यानंतरच.